साताऱ्याचा पोरगा आणि सात डबे

"हा साताऱ्याचा पोरगा एका रात्रीत सात डबे खाईल होय गं?"

सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलून मला विचारलं. हातात जुलैच्या हिशोबाचा कागद, मी मोठ्या अभिमानाने प्रिंट काढून दिलेला. मी म्हटलं, "पाहुणे आले असतील, आई." त्यांनी पुढची ओळ दाखवली. आषाढी एकादशीला अकरा जणांच्या नावावर एकेक डबा. "एकादशीला चूल पेटली नव्हती आपली. मी साबुदाणा भिजवला होता घरापुरता."

त्या कागदाच्या आधी आणि नंतर मिळून दीड महिना माझ्या संध्याकाळी कशा गेल्या, ते लिहून ठेवतेय. विषय रेग्युलर एक्स्प्रेशनचा (थोडक्यात रेजेक्स), म्हणजे लांबलचक मजकुरातून हवा तेवढाच तुकडा काढण्याचा. मी प्रोग्रॅमर नाही. दिवसा एका सीएंच्या ऑफिसात नोंदी करते, संध्याकाळी सासूबाईंच्या डब्यांचा हिशोब बघते. सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरून अडतीसेक डबे जातात, बहुतेक कॉलेजची मुलं.

पूर्वी सगळा हिशोब वहीत असायचा. नाव, तारीख, खाडे. बाहेरच्यांसाठी सांगते, खाडा म्हणजे ज्या दिवशी डबा नको तो दिवस. महिन्याच्या बिलातून खाडे वजा होतात आणि सगळी भांडणं खाड्यांवरूनच होतात. मग मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि वही मागे पडली. आता 'उद्या दोन', 'आज खाडा', 'काकू ३ भाकऱ्या जास्त' असं सगळं ग्रुपवर. महिन्याला हजार-अकराशे मेसेज. मी ते बोटाने वर सरकवत एकेक वाचून मोजायचे. दोन रविवार जायचे.

माझे दीर पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गणपतीत घरी आले होते तेव्हा मला मोबाइल घेऊन बसलेली बघून म्हणाले, "वहिनी, एक्स्पोर्ट करा आणि रेजेक्स लावा की. पाच मिनिटांचं काम आहे." हे पाच मिनिटं प्रकरण मी त्यांना अजून ऐकवते.

ग्रुप एक्स्पोर्ट केला की साधी टेक्स्ट फाइल मिळते. ओळ साधारण अशी:

12/07/25, 8:41 पीएम - चष्मेवाला: काकू उद्या २ डबे

'चष्मेवाला' हे त्या मुलाचं नाव नाही. सासूबाईंच्या फोनमध्ये जसं सेव्ह आहे तसं एक्स्पोर्टमध्ये येतं. आमच्या यादीत 'बिनकांदा' आहे, 'तिखट कमी' आहे, 'जिन्याखाली ठेवा' आहे आणि 'सातारा पोरगा' आहे.

या ओळीचे चार तुकडे हवेत: तारीख, वेळ, नाव, मजकूर. दिरांनी कागदावर हा पॅटर्न लिहून दिला आणि मला वाटलं, मांजर कीबोर्डवरून चालत गेलं की काय:

^([0-9/]+), ([^-]+) - ([^:]+): (.*)$

आता हे मी एखाद्या रेसिपीसारखं वाचते. टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. चौकटी कंसात 'यापैकी कुठलंही एक अक्षर', म्हणून पहिल्या कंसात आकडे आणि तिरकी रेघ. अधिक चिन्ह म्हणजे 'एक किंवा जास्त वेळा'. चौकटी कंसाच्या आतच टोपी आली की अर्थ उलटा होतो, 'हे सोडून काहीही'. म्हणजे [^:]+ म्हणजे 'विसर्ग दिसेपर्यंत सगळं घे'. विसर्ग मी म्हणते, तो कोलन. आणि गोल कंस म्हणजे 'हे मला काढून दे'. बाकीचं फक्त जागा ओळखायला असतं. पॅटर्नला तारखेनंतरचा स्वल्पविराम हवा आहे, मला नको आहे. म्हणून स्वल्पविराम कंसाबाहेर. गोल कंस कळले त्या दिवशी अर्धं काम संपलं.

गूगल शीटमध्ये यासाठी रेजेक्सएक्सट्रॅक्ट नावाचं फंक्शन आहे. पॅटर्नमध्ये चार गोल कंस असले तर चार तुकडे शेजारशेजारच्या चार रकान्यांत आपोआप पडतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी एकटीच हसले. लिब्रेऑफिसवाल्यांकडे ६.२ आवृत्तीपासून रेजेक्स नावाचंच फंक्शन आहे, तिथेही जमतं.

नावाच्या जागी मी आधी (.+) असं लिहिलं होतं. ठिपका म्हणजे कुठलंही अक्षर. हे 'अधिक' चिन्ह फार हावरट असतं, जमेल तितकं लांब ओढतं. एकाने लिहिलं, 'काकू नवीन पत्ता: वारणालीत, तिसरी गल्ली'. माझ्या नावाच्या रकान्यात आलं 'बिनकांदा: काकू नवीन पत्ता', कारण त्याने शेवटचा कोलन पकडला. 'कोलन सोडून काहीही' असं सांगितल्यावर ते पहिल्याच कोलनला थांबलं.

दुसरा घोळ जास्त छळणारा होता. मला रात्री नऊनंतरचे मेसेज वेगळे हवे होते, कारण नऊनंतर सांगितलेला खाडा सासूबाई धरत नाहीत. म्हणून वेळेचा पॅटर्न सविस्तर लिहिला: आकडे, कोलन, आकडे, एक स्पेस, मग एएम किंवा पीएम. एकही ओळ जुळेना. डोळ्यांना तर स्पेस दिसत होती! शेवटी दिरांनी फाइल मागवून घेतली. ती साधी स्पेस नव्हतीच. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, एक अरुंद, ओळ न तोडणारी स्पेस आहे, क्रमांक २०२एफ. २०२२च्या शेवटी युनिकोडच्या भाषा-प्रांतांच्या माहितीसंचाची ४२वी आवृत्ती आली, तिच्यात इंग्रजी वेळ आणि एएम-पीएम यांच्या मधे ही स्पेस बसवली गेली आणि मग ती फोनांत उतरली. दिसायला छान, पण स्पेसबारची स्पेस वेगळी आणि ही वेगळी. मी त्या जागी ठिपका टाकला. कुठलंही एक अक्षर चालेल, नाव विचारणार नाही.

ओळी सुटल्या. आता खरा प्रश्न, मजकुरातून डब्यांचा आकडा.

पहिला प्रयत्न भाबडा होता: जो पहिला आकडा दिसेल तो घे. त्यात 'काकू ५०० पाठवले' म्हणणाऱ्याच्या नावावर पाचशे डबे चढले. म्हणून आकड्याला त्याच्या शेपटीसकट पकडायचं ठरवलं:

([0-9०-९]+) *(डब|भाक|चपात|पोळ)

उभी रेघ म्हणजे 'किंवा'. चौकटी कंसात दोन्ही आकडे दिले, कारण निम्मी मुलं 2 लिहितात, निम्मी २. आकडा ओळखायची एक जोडखूणही असते, बॅकस्लॅश डी. पण गूगल शीटमधलं इंजिन, म्हणजे पॅटर्न जुळवून बघणारा भाग, तिचा अर्थ फक्त इंग्रजी आकडे असा घेतं. पायथॉन (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) तिच्यात आपलेही आकडे धरतं आणि मजकुरातल्या '२'चं सरळ संख्येत रूपांतर करून देतं. शीटमध्ये मात्र आधी दहाच्या दहा आकडे बदलून घेतले. नंतर आलेला तारा म्हणजे 'शून्य किंवा जास्त वेळा', इथे स्पेस असली तरी चालेल, नसली तरी. आणि 'डब' एवढंच ठेवलं, कारण डबा, डबे, डब्बा, डब्बे सगळ्यांची सुरुवात तीच. शेवट मुलांवर सोडला. इंग्रजी लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी त्यांच्या त्यांच्या स्पेलिंगप्रमाणे दुसरा पॅटर्न केला. तिथे 'बी' एक की दोन, 'ए' एक की दोन, हा वाद प्रश्नचिन्हाने मिटवला. प्रश्नचिन्ह म्हणजे आधीचं अक्षर असलं तर असो.

'डबे 2' असं उलटं लिहिणारेही आहेत. त्यांच्यासाठी:

डब[^ ]* +([0-9०-९]+)

'डब', मग स्पेस येईपर्यंत जे असेल ते, मग स्पेस, मग आकडा. इथेही मी आधी 'आकडा येईपर्यंत काहीही' असं लिहिलं होतं. 'डबा नको, ५०० पाठवले' या मेसेजने पुन्हा पाचशे डबे मागितले.

मग 'नको'. वाटलं सोपं असेल. ज्या ओळीत 'नको' किंवा 'खाड' असेल ती वगळायची. दिरांनी शिकवलं होतं की पॅटर्नच्या सुरुवातीला (?!.*नको) लिहिलं की 'पुढे कुठेही नको नसेल तरच' असा अर्थ होतो. शीटने लाल एरर फेकला. गूगल शीट आरई२ नावाचं इंजिन वापरतं आणि त्यात पुढे डोकावून बघण्याची ही सोय मुद्दामच नाही.

का नाही, त्याचं दिरांनी फोनवर अर्धा तास व्याख्यान दिलं. मला त्यातलं आवडलं ते असं. स्टीफन क्लेनी नावाच्या गणितज्ञाने १९५०च्या दशकात मेंदूच्या पेशींच्या जाळ्याचं गणिती मॉडेल अभ्यासताना ही भाषा काढली, म्हणून त्या ताऱ्याला अजून क्लेनी स्टार म्हणतात. १९६८ साली केन थॉम्प्सनने तिच्यातून मजकूर शोधायची अशी पद्धत दिली की मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायचा आणि सगळ्या शक्यता बरोबर घेऊन चालायचं. नंतरच्या बऱ्याच इंजिनांनी जास्त सोयी देण्यासाठी मागे येऊन पुन्हा प्रयत्न करायची पद्धत धरली. वाईट पॅटर्न मिळाला तर ती तासन्‌तास भोवऱ्यात फिरतात. आरई२ थॉम्प्सनच्या वाटेने जातं, म्हणून भोवऱ्यात सापडत नाही, पण त्या वाटेवर न बसणाऱ्या सोयी सोडून देतं. हजार-अकराशे मेसेजच्या हिशोबाला भोवऱ्याची भीती नव्हतीच. आता कळतं की शीटमध्येच दुसऱ्या रकान्यात 'नको' आहे का एवढं तपासून काम झालं असतं. तेव्हा कळलं नाही. दिरांनी पायथॉनची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, करून दिली आणि मी तिकडे गेले.

तोवर 'नको'चा दुसरा चेहरा दिसला होता. 'कांदा नको, २ डबे'. 'भाजी नको, फक्त भात'. 'लोणचं नको'. नुसत्या 'नको'वरून खाडा धरला तर मुलं उपाशी आणि बिलही कमी. म्हणून मी क्रम बदलला. आधी आकडा शोधायचा, सापडला तर डबे. आकडा नसेल तरच 'नको' बघायचा. त्यात आणखी एक भर टाकली. बरेच जण नुसतंच 'उद्या दोन' लिहितात, म्हणून एक ते दहा हे शब्दही घातले, शेपटीशिवाय. शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लावलं. ती शब्दाची सीमा दाखवणारी खूण. म्हणजे 'दोनशे'तला 'दोन' पकडला जाणार नाही.

आणि जुलैचा कागद छापला.

सासूबाईंनी बोट ठेवलं तो मेसेज मी फोनवर शोधला. 'काकू साताऱ्याला चाललोय, रविवारी रात्री येतो.' साताऱ्याला. सात. एकादशीच्या अकरा जणांनी लिहिलं होतं, 'उद्या एकादशी, डबा नको'. एक. 'रूममेटला विचारून सांगतो' म्हणणाऱ्याला चार डबे लागले होते.

पण सीमेची खूण होती ना? 'दोनशे' तर बरोबर सुटला होता. मी दिरांना फोन लावला. तेही दहा मिनिटं गप्प. मग त्यांनी मला एक ओळ चालवायला सांगितली: 'पोळ्या' या शब्दातले 'शब्द' काढून दाखव. उत्तर आलं तीन तुकड्यांत. प, ळ, य.

पायथॉनच्या पॅटर्न जुळवणाऱ्या नेहमीच्या मॉड्यूलला (म्हणजे तयार जोडभागाला) काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत. युनिकोडमध्ये त्यांची जात 'अक्षर' नसून 'खूण' आहे आणि ते मॉड्यूल शब्दात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर धरतं. त्यामुळे 'एकादशी'त क संपला आणि काना आला की त्याच्या लेखी शब्द संपला. तिथे सीमा. 'सात' झाला, पुढे काना, सीमा. 'विचारून'मध्ये तर दोन्हीकडून: च-च्या आधी वेलांटी, र-च्या नंतर उकार. मधे 'चार' आरामात बसलेला. 'दोनशे'त न आणि श ही दोन अक्षरं लागून येतात, म्हणून तो वाचला. ती निव्वळ नशिबाची गोष्ट.

याचा उलटा प्रकारही निघाला. 'सहा' आणि 'दहा' कधीच सापडत नव्हते. त्यांचा शेवट कान्यावर. काना म्हणजे शब्दाबाहेरचा, त्यानंतरची स्पेसही शब्दाबाहेरची, मग सीमा कुठून येणार? एकाच्या वाढदिवसाचे सहा डबे बिलात नव्हतेच. ते सासूबाईंच्या लक्षात होते, अर्थात. श्रीखंडही दिलं होतं.

पायथॉनचंच 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते या खुणांना शब्दातच धरतं. दीर म्हणाले, ते टाकून देतो. पण ऑफिसातल्या संगणकावर काही टाकायची परवानगी नाही आणि घरचा लॅपटॉप मुलीच्या ताब्यात. म्हणून सीमा मीच आखली:

(^|[ ,])(एक|दोन|तीन|चार|पाच|सहा|सात|आठ|नऊ|दहा)च?([ ,.]|$)

आधी ओळीची सुरुवात, स्पेस किंवा स्वल्पविराम, नंतर स्पेस, स्वल्पविराम, पूर्णविराम किंवा शेवट. मधला 'च?' माझा स्वतःचा, दिरांचा नाही. 'आज एकच' म्हणणारे खूप. पुण्याच्या माणसाला 'च' सुचला नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

यानंतर ऑगस्टचा हिशोब सुरळीत लागला असं वाटलं, तेवढ्यात 'जिन्याखाली ठेवा' स्वतःहून आला. प्रामाणिक मुलगा. म्हणाला, "काकू, भाकऱ्यांचे पैसे लावलेच नाहीत तुम्ही." शेचाळीस भाकऱ्या. मधल्या काळात मी जास्त काटेकोर व्हायचं म्हणून 'भाक' काढून (भाकरी|भाकऱ्या) असे पूर्ण शब्द घातले होते. त्याचे मेसेज बघितले: '३ भाकर्‍या'. माझा पॅटर्न: 'भाकऱ्या'. दोन्ही शेजारी ठेवून मी भिंग लावल्यासारखं बघितलं. तोच शब्द.

तो तोच शब्द नव्हता. माझ्या कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. त्याचा फोन साधा र, क्रमांक ०९३०, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, आणि मग य असं लिहितो. पडद्यावर दोघांचाही तोच अर्धचंद्र उमटतो. संगणकाला एकात चार गोष्टी दिसतात आणि दुसऱ्यात पाच, हे माझं 'ऱ्या'पुरतं मोजून काना धरल्यावरचं. तुम्हीही मोजून बघा. दिरांनी मजकूर आधी नॉर्मलाइझ करायला सांगितलं, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करून घ्यायला. केलं. फरक पडला नाही. र-खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेला ऱ त्याने एकत्र होतो, हा जॉइनरवाला होत नाही. हिंदीवाल्यांना हा त्रास असायचं कारणच नाही. भाकऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या, साताऱ्याला, हे सगळं आपलंच दुखणं.

मी परत 'भाक'वर आले. ऱ येण्याच्या आधीच थांबायचं. तीन चिन्हांत काम झालं, भ, काना, क.

त्या मुलाने पूर्ण पैसे दिले. सासूबाईंनी त्यातले दहा भाकऱ्यांचे परत केले, सांगितलं म्हणून.

आता महिनाअखेरीला स्क्रिप्ट दोन सेकंदांत चालते. जे कुठल्याच पॅटर्नमध्ये बसत नाही ते ती 'बघायचे' नावाच्या यादीत टाकते. आधी मी ती यादी लहान करण्याच्या मागे होते. नवीन पॅटर्न, आणखी एक उभी रेघ, आणखी एक प्रश्नचिन्ह. एक पॅटर्न दोन ओळी लांब झाला आणि आठवड्याने मलाच वाचता येईना, तेव्हा सोडून दिलं. साठेक मेसेज उरतात. रात्री जेवणं झाली की मी ते मोठ्याने वाचते आणि सासूबाई लसूण सोलत उत्तरं देतात. 'काकू नेहमीप्रमाणे.' "त्याचे दोन." 'काकू कालच्यासारखंच पण कमी.' "एक. पोरीचं पोट बिघडलंय."

नवीन आलेला इचलकरंजीचा मुलगा शब्द लिहीतच नाही. डब्याची चित्रं पाठवतो. परवा तीन चित्रं पाठवली आणि खाली लिहिलं, 'एक नको'. स्क्रिप्टने एक डबा धरला. मी चित्रं मोजून तीन म्हटलं.

"दोन," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्याला विचार, मित्र रुसलाय का."